टक्कर दिली, म्हणजे नेमकं काय केलं?

प्रिय मुली,

निरमा आणि सर्फवरचा तुझा इंग्रजी मसुदा दोनदा वाचला. माहिती चोख आहे. 1969 साली करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत घरी कपडे धुण्याची पावडर बनवली, सायकलवरून दारोदार विकली, ही गोष्ट रंगवायला फार काही करावं लागत नाही. पण वाचताना तुझ्या इंग्रजीखालचं मराठी मला सारखं ऐकू येत होतं.

पहिल्याच पानावर तू लिहिलंयस, 'निरमा गेव्ह टफ कॉम्पिटिशन टू सर्फ'. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अशी वाक्यं रोज येतात, तेव्हा लाजू नकोस. पण त्या 'गेव्ह'ला काही कामच नाही, ते नुसतं ओझं वाहतंय. टक्कर दिली, म्हणजे केलं काय? भाव पाडले. मग तेच लिही: 'निरमा अंडरकट सर्फ ऑन प्राइस'. (भूतकाळातही अंडरकटच हं, 'अंडरकटेड' नाही.) खप वाढून पुढे गेली? 'निरमा आउटसोल्ड सर्फ'. गिऱ्हाईक तुटलं? 'सर्फ लॉस्ट मार्केट शेअर टू निरमा'. इथला 'टू' नीट बघ, वाटा निरमाकडे गेला म्हणून तो. निरमाच्या बाजूने सांगायचं तर 'टुक मार्केट शेअर फ्रॉम सर्फ'. पैसे कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात गेले, ते या दोन चिमुकल्या शब्दांवरून कळतं आणि आपण नेमके तेच गाळतो.

'कॉम्पीट'चंही तसंच. 'लिव्हर (म्हणजे सर्फ बनवणारी हिंदुस्तान लिव्हर) कॉम्पीटेड निरमा' हे वाक्य उभंच राहत नाही. प्रतिस्पर्ध्याआधी 'विथ' किंवा 'अगेन्स्ट' हवं, आणि ज्याच्यासाठी ओढाताण चालली आहे त्याआधी 'फॉर'. 'लिव्हर कॉम्पीटेड विथ निरमा फॉर लो-इनकम कस्टमर्स', झालं.

'विन'ने मला स्वतःला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पत्रात मी ऐटीत लिहिलं, 'वुई हॅव वन अवर कॉम्पिटिटर्स'. साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, 'लॉटरीत का?' इंग्रजीत कंत्राट 'विन' करतात, प्रतिस्पर्ध्याला 'बीट'. मराठीत सामना, मन, शत्रू सगळं जिंकता येतं, म्हणून कानाला खटकत नाही.

कानाला न खटकणारी आणखी एक जागा तुझ्या तक्त्याखाली आहे: 'निरमाज प्राइस वॉज लोअर दॅन सर्फ'. 'निरमाची किंमत सर्फपेक्षा कमी' हे मराठीत बिनतक्रार चालतं. इंग्रजीत मात्र एका बाजूला किंमत आणि दुसऱ्या बाजूला अख्खी पावडर अशी तुलना होते. 'दॅन सर्फ्स' कर, किंवा सरळ 'निरमा वॉज चीपर दॅन सर्फ'.

'कॉम्पिटिशन्स' असं अनेकवचन तू तीनदा केलंयस. त्याने डोळ्यांपुढे रांगोळी स्पर्धा येते. बाजारातली चुरस म्हणजे नुसतं 'कॉम्पिटिशन', आणि समोरचे सगळे प्रतिस्पर्धी मिळून 'द कॉम्पिटिशन'. आपल्या भाषेत 'द'सारखं काही नाही, त्यामुळे तो विसरला जाणारच. शेवटच्या वाचनात फक्त त्याच्यासाठी एक फेरी मार.

'नेक टू नेक' मात्र बदल. मूळ शब्दप्रयोग 'नेक अँड नेक', घोड्यांच्या शर्यतीतला. महालक्ष्मीला दोन घोडे माना बरोबरीत ठेवून येताना बघितलेस की पुन्हा चुकणार नाहीस. शिवाय निरमा पुढे निघून गेली होती, तेव्हा तिथे तो शब्दच नको.

दुसऱ्या पानावरचं 'हिंदुस्तान लिव्हर हिट बॅक विथ व्हील' (व्हील म्हणजे त्यांचीच स्वस्त पावडर) हे वाक्य तू कुठून उचललंस की तुझं तुला सुचलं? सुचलं असेल तर त्याला हात लावू नकोस. बाकीचं गुरुवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका