नवोदित वकिलांनी न्यायालयांची उतरंड आधी समजून घ्यावी

वकिलीच्या पहिल्या वर्षात कलमे पाठ करण्यापेक्षा, हाती आलेले प्रकरण महाराष्ट्राच्या न्यायव्यवस्थेत कोणत्या पायरीवर उभे आहे हे ओळखण्याची सवय लावून घ्या, असे मी तुम्हाला कळकळीने सांगेन. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा एकच न्यायाधीश दिवाणी दाव्यात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर म्हणून आणि फौजदारी खटल्यात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून काम पाहतात. जिल्ह्यालाही जिल्हा न्यायाधीश (दिवाणी) व सत्र न्यायाधीश (फौजदारी) ही पदे एकाच व्यक्तीकडे असतात. त्यामुळे अर्जाच्या शीर्षकात योग्य पदनाम घालणे ही केवळ औपचारिकता नव्हे. मुंबई शहराची रचना निराळी असून तेथे नगर दिवाणी न्यायालय आणि लघुवाद न्यायालय आहे.

सर्वाधिक काळजी अपिलाच्या मुदतीची घ्या. मूळ हुकूमनाम्याविरुद्ध, म्हणजे दाव्याचा निकाल देणाऱ्या न्यायालयाच्या औपचारिक आदेशाविरुद्ध, जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, तर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील दाखल करावे लागते. निकालाच्या प्रमाणित प्रतीवर नक्कलेचा अर्ज दिल्याची आणि प्रत तयार झाल्याची तारीख नोंदलेली असते. प्रत मिळण्यास लागलेला आवश्यक काळ मुदतीतून वगळला जातो, म्हणून निकाल लागेल त्याच दिवशी अर्ज द्या. दुसरे अपील, म्हणजे पहिल्या अपिलाच्या निकालाविरुद्धचे अपील, उच्च न्यायालयात होते खरे, परंतु तेथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावाच लागतो; खाली न दिलेला पुरावा तेथे भरून काढता येईल या भरवशावर राहू नका, आणि पक्षकारालाही हे दाव्याच्या आरंभीच स्पष्ट सांगा.