वाचक विचारतात : पणजोबांची पलटण नेमकी कुठे होती?

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेर संस्थानच्या पायदळात होते. ते आफ्रिकेत लढले असं घरात सांगतात. पुरावा म्हणून एक चांदीचं पदक आहे. खरं काय ते कसं कळेल? (लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : पदकाच्या चेहऱ्यावर राजा पंचम जॉर्ज दिसतो, पण आपल्याला हवी ती त्याची कड. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दिव्याचा उजेड तिरपा पाडून भिंगातून वाचा आणि मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. ब्रासोने मात्र घासू नका. आधीच उथळ झालेली अक्षरं कायमची जातात आणि पुरावाच संपतो.

पलटणीच्या आकड्यावर सगळं अवलंबून आहे. 3 असेल तर घरची आठवण पटण्यासारखी आहे. 3 ऱ्या ग्वाल्हेर पलटणीची अर्धी तुकडी नोव्हेंबर 1914 मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावरच्या मोहिमेत होती. तो हल्ला फसला आणि फौज पुन्हा जहाजांवर चढली. 4 असेल तर शोध इजिप्त आणि पॅलेस्टाइनकडे वळवा. सप्टेंबर 1918 मध्ये ही पलटण जॉर्डनच्या खोऱ्यात 20 व्या हिंदी ब्रिगेडमध्ये होती. त्याच ब्रिगेडमध्ये 110 वी मराठा लाइट इन्फंट्रीही होती. या 110 चे जवान एप्रिल 1916 मध्ये मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूत-अल-अमारा इथे तुर्कांच्या हाती सापडले होते, म्हणून नुसत्या '110' वर मेसोपोटेमिया की पॅलेस्टाइन हे ठरत नाही. तारीख हवीच.

हुद्दा 'ड्रायव्हर' असेल तर मोटार मनात आणू नका. त्या काळी तो बहुतेक वेळा खेचरांच्या गाड्या हाकणारा असे. ग्वाल्हेर आणि इंदूर, दोन्ही संस्थानांची ट्रान्सपोर्ट दलं होती.

पुढे संस्थानी पायदळं भारतीय सैन्यात विलीन झाली. ग्वाल्हेरची 14 कुमाऊँ (कुमाऊँ रेजिमेंटची 14 वी पलटण) झाली आणि इंदूरची 15 कुमाऊँ. आडनाव मराठी म्हणून अनेकजण बेळगावच्या मराठा केंद्राला लिहितात, पण या पलटणींचा धागा रानीखेतच्या कुमाऊँ केंद्राकडे जातो. पत्रात नंबर, हुद्दा, पलटण, गाव आणि वडिलांचं नाव द्या. नुसतं 'शिंदे' लिहून काहीच हाती लागत नाही.

प्रश्न : आजोबांचे दुसऱ्या महायुद्धातले तारे आहेत, नाव कुठेच नाही. (इंदूर)

उत्तर : त्या ताऱ्यांवर, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या 'स्टार' पदकांवर, बहुधा सैनिकाचं नाव नसतंच, त्यात काही गैर नाही. फितीवर विसंबू नका, ती बदलून शिवलेली असू शकते. ताऱ्याच्या मध्यावरच्या वर्तुळात पदकाचं नाव उठवलेलं असतं ते वाचा. आफ्रिका स्टार 10 जून 1940 ते 12 मे 1943 या काळासाठी, आणि त्यात इरिट्रियाही येतं. इटली स्टार 11 जून 1943 पासून. बर्मा स्टार असूनही माणूस ब्रह्मदेशात गेलेला नसू शकतो, कारण ठराविक काळात बंगाल-आसाममधल्या नेमणुकीलाही तो मिळत असे. जुनी पाकिटं असतील तर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि शिक्क्याची तारीख दोन्ही टिपा. ते पोस्ट फौजेबरोबर हलत असे, त्यामुळे तारखेशिवाय नंबर निरुपयोगी आहे.

प्रश्न : बसरा स्मारकाच्या फोटोत आमच्या आजेसासऱ्यांचं नाव सापडत नाही. (बडोदे)

उत्तर : पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्यांच्या या स्मारकाच्या फलकांवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या शिपायांची नाहीत. त्यांची फक्त पलटणवार संख्या लिहिली गेली. हा अन्याय आजही सलतो. नावं यादीत आहेत : कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात पडलेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर सर्व्हिस नंबर आणि रेजिमेंट घालून शोधा. आडनाव शेवटी घाला, आणि पवार, पोवार, पौवार अशी सगळी स्पेलिंगं करून बघा, कारण त्या वेळच्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं.