मेकॅनिकलवाल्यांना टायट्रेशन कशाला?

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला केमिस्ट्री शिकवते. मेकॅनिकलची मुलं सरळ विचारतात, मॅडम आम्हाला टायट्रेशन कशाला? काय सांगू?

उत्तर: मॅडम, प्रश्न रास्तच आहे त्यांचा, तुम्ही बॉयलरपासून सुरुवात करा. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा ट्यूबच्या आत थर बसतो, त्यातून उष्णता नीट जात नाही, ट्यूब जास्त तापते आणि शेवटी फुटूही शकते, हे त्यांना लगेच कळतं. मग ईडीटीए द्या हातात, म्हणजे या धातूंना धरून ठेवणारं रसायन; तो थेंबथेंब घालत पाण्यात ते किती आहेत हे मोजायचं, हेच टायट्रेशन. पीएच 10 वर स्थिर ठेवणारा अमोनिया बफर, रंग बदलून शेवट दाखवणारा एरिओक्रोम ब्लॅक टी, वाइन रेडचा निळा झाला की थांबायचं, तोच एंड पॉइंट. 0.01 मोलर ईडीटीएचा 1 मिली म्हणजे 1 मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटइतका पाण्याचा कठीणपणा (हार्डनेस), गणित सोपं. पण बफर का घालतो हे सोडू नका हं, खरी इनऑर्गॅनिक केमिस्ट्री तिथेच आहे! पीएच कमी असला तर ईडीटीएला प्रोटॉन चिकटलेले राहतात नि तो धातूला घट्ट धरत नाही, फार वाढवला तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. एकदा बफरशिवाय करू द्या, एंड पॉइंट नीट येत नाही म्हटल्यावर मुलं स्वतःच विचारायला लागतात. क्षारात काय आहे ते ओळखायच्या सॉल्ट ॲनालिसिसचे तक्ते पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.