परदेशी दत्तक: आधी परवानगी, मग दत्तकपत्र

"ताई, सगळं झालंय, फक्त व्हिसा राहिलाय." अशी सुरुवात असलेली पत्रं येतच असतात. मूल ज्या देशात वाढणार आहे, तो देश त्याला घेणार का, ही चौकशी सगळ्यात आधी करायची असते. त्याच गोंधळाचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून आज फक्त परदेशी दत्तकावरची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: आम्ही दोघं भारतीय नागरिक, नोकरीमुळे दुबईत आहोत. भारतातलं मूल दत्तक घ्यायचं तर आमचा नंबर परदेशी लोकांच्या मागे लागणार का?

नाही. अनिवासी भारतीयांना प्राधान्यक्रमात भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीने धरतात. नोंदणी 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे होते. ती तुम्ही राहता तिथल्या अधिकृत दत्तक संस्थेमार्फत करायची आणि तशी संस्था नसेल तर भारतीय वकिलातीमार्फत. पुण्यातल्या नातेवाइकांच्या पत्त्यावर "आम्ही इथेच असतो" असं लिहून अर्ज करू नका, कोणी कितीही सुचवलं तरी. आधी वकिलातीत जाऊन भेटा.

प्रश्न: नवरा 48, मी 43. कॅनडात असतो. आम्हाला तान्हं बाळच हवं आहे.

मिळणार नाही. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज 85 पर्यंत चालते, चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी 90. तुमची 91 होते. चार ते आठ वर्षांच्या मुलाचा मनापासून विचार करा.

प्रश्न: मी एकटा पुरुष आहे. मुलगी दत्तक घेता येईल?

नाही. मुलगा घेता येईल.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत असतो, नवरा अमेरिकन नागरिक आहे, आम्हाला मूल नाही. साताऱ्याला माझ्या बहिणीचा चार वर्षांचा धाकटा आहे. बहीण आणि मेहुणे आनंदाने द्यायला तयार आहेत. वकील म्हणतात दत्तकपत्र एका दिवसात होतं. दिवाळीत येऊन त्याला घेऊन जाऊ का?

थांबा. दिवाळीला जरूर या, भाच्याला भेटा, पण कशावरही सही करू नका.

तुमचे वकील खोटं सांगत नाहीत. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली सबरजिस्ट्रार कचेरीत दत्तकपत्र खरंच एका दिवसात नोंदलं जातं. पण तुम्ही त्यांना भारताचा कायदा विचारलात, आणि मुलाला राहायचंय अमेरिकेत. एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक जाण्याचे नियम ठरवणारा हेग दत्तक करार भारतात 2003 पासून लागू आहे, अमेरिकेत 2008 पासून, आणि नात्यातलं मूल म्हणून त्यातून सुटका होत नाही. अमेरिकन नागरिकाने आधी आय-800ए या अर्जावर स्वतःची पात्रता मंजूर करून घ्यायची, मग त्या ठरावीक मुलासाठी आय-800 ची तात्पुरती मंजुरी घ्यायची, आणि त्यानंतर दत्तक. आधी दत्तक घेऊन मग अर्ज केलात तर सर्वसाधारणपणे ते दत्तक रद्द करून या म्हणतात. आपल्या कायद्याचं कलम 15 म्हणतं की वैध दत्तक पालकांना रद्द करता येत नाही. म्हणजे दत्तक मोडताही येत नाही आणि मूल नेताही येत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. जन्मदाते दोघंही हयात असतील तर मुलाचा नीट सांभाळ करायला ते असमर्थ आहेत, हे अमेरिकेला पटवावं लागतं. नोकरी करणारे मेहुणे आणि धडधाकट बहीण यांच्याबाबतीत तुम्ही हे कसं पटवणार? "तिला झेपत नाही" एवढ्याने भागत नाही. निव्वळ ग्रीन कार्डवर असलेल्या जोडप्याला तर हा अर्जच करता येत नाही, दोघांपैकी एकजण नागरिक लागतो. मुलाचा कायदेशीर ताबा घेऊन दोन वर्षं त्याच्यासोबत प्रत्यक्ष राहण्याची एक निराळी वाट आहे, तिलाही अटी आहेत, आणि त्यासाठी तुमच्यापैकी कोणाला तरी तिकडचा संसार गुंडाळून इकडे यावं लागेल.

अशी घरं मी पाहिली आहेत. विधी झालेला, पेढे वाटलेले, शाळेच्या दाखल्यावर नवं आडनाव. पोराला आईला "मावशी" म्हणायला शिकवलेलं, आणि रात्री ते झोपतं त्याच मावशीच्या कुशीत. तिकडून आणलेला स्वेटर कपाटात पडून, दोन हिवाळ्यांनी त्याच्या बाह्या कोपराशी येतात. रोज फोनवर एकच प्रश्न, "मला कधी नेणार?" मोठ्यांच्या घाईची ही शिक्षा मुलाने का भोगायची? मला याचा मनस्वी राग येतो.

भारताच्या बाजूने वाट आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात नात्यातल्या परदेशी दत्तकाची तरतूद आहे आणि मावशी त्या नात्यात बसते. ज्यांनी दत्तकपत्र करून टाकलंय त्यांच्यासाठी 2021 पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या पडताळणीनंतर काराचं ना-हरकत प्रमाणपत्र मिळवण्याची सोयही नियमांत आहे. पण काराची ना-हरकत म्हणजे अमेरिकेचा व्हिसा नव्हे. म्हणून आधी तिथल्या, दत्तकाची प्रकरणं चालवणाऱ्या इमिग्रेशन वकिलाचं मत लेखी घ्या. ते "नाही" असेल तर भाच्याच्या कानावर यातला एक शब्दही जाऊ देऊ नका.

प्रश्न: एका नर्सिंग होममधल्या बाई आठवड्याभरात बाळ देतो म्हणतात. जन्मदाखल्यावर थेट आमचंच नाव लागेल, म्हणजे परदेशात न्यायला त्रास नाही. बाळाच्या आईची संमती आहे. आठ लाख सांगितलेत.

ही बाळाची खरेदी आहे. पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, आणि रुग्णालयातली माणसं यात असतील तर त्यांना तीन ते सात वर्षं. खरी संमती आई बाल कल्याण समितीसमोर देते आणि तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. तेव्हा आठवड्यात बाळ देतो म्हणणारा माणूस कायदा मोडूनच देणार, दुसरा मार्गच नाही. अधिकृत दत्तकाचा खर्च नियमांत छापलेला आहे, तो पावतीवर भरायचा असतो आणि संस्थेला वर देणगी घ्यायला बंदी आहे. आजच 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरवर कळवा.

प्रश्न: माझा मुलगा आणि अमेरिकन सून इथल्या शिशुगृहातून पाच वर्षांची नात घेऊन गेले. ती पोळी उशीखाली लपवते, रात्री रडते. सून तिला "तू दत्तक आहेस" असं उघड सांगते. मला ते बरं वाटत नाही. नातेवाइकांना काय सांगू?

आजी, सूनबाई बरोबर करताहेत. खरं तेच सांगा, तिलाही आणि नातेवाइकांनाही. संस्थेत वाढलेली मुलं अन्न लपवतात, त्यावर रागावू नये. तिच्या हाताला येईल अशा डब्यात खाऊ ठेवायचा, तो कधी रिकामा होऊ द्यायचा नाही. शिशुगृहातून आलेलं पांघरूण इतक्यात धुवायचं नाही, तो वास तिच्या ओळखीचा आहे. आणि तुम्ही तिला रोज फोन करा. त्या घरात तिच्याशी सलग मराठी बोलणारं तुमच्याइतकं हक्काचं कोणी नाही. तिला कविता म्हणून दाखवा, आज काय जेवलीस ते विचारा. नेल्यानंतर दोन वर्षं प्रगती अहवाल जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी. रात्रीचं रडणं, ते अहवाल लिहिणाऱ्या समाजसेविकेला स्पष्ट सांगायला सुनेला सांगा, आणि बालमानसतज्ज्ञाची वेळ घेऊ दे. आपल्या पोरीची तक्रार कशी करायची, म्हणून गप्प बसू नका.

प्रश्न: आमच्या गावात एक गृहस्थ फोटो घेऊन फिरत आहेत. युरोपात दत्तक गेलेल्या बाईंची जन्मदाती आई शोधतोय म्हणतात. मला ती कोण ते माहीत आहे. सांगू का?

सांगू नका. तिऱ्हाइतामार्फत मुळांचा शोध घ्यायला नियमांत परवानगी नाही. अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्ती स्वतः काराकडे किंवा आपल्या दत्तक संस्थेकडे अर्ज करू शकते. त्या बाईंचा हक्क मी शंभर टक्के मानते. पण गावातली ती आईही माणूस आहे, तिच्या सासरी कदाचित हे कोणालाच ठाऊक नसेल. तिची इच्छा विचारायची ती खासगीत आणि प्रशिक्षित समाजसेविकेने. त्या गृहस्थांना जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता द्या.