अ‍ॅनिमे कट्टा: फ्रीरेन सोडू का, वन पीसला सुट्टी का, आणि जानेवारीत काय बघायचं

२०२५ चा डिसेंबर संपत आलाय आणि जानेवारीत अ‍ॅनिमेचे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांचे, नवे सीझन येतायत, त्यामुळे या वेळी प्रश्नांचा नुसता पाऊस पडलाय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण जे प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलेत ते घेतलेत.

'फ्रीरेन' या मालिकेचं सगळेच कौतुक करतात म्हणून सुरू केलं. तीन एपिसोड झाले, राक्षसांचा राजा तर गोष्ट सुरू व्हायच्या आधीच मेलाय, नुसतं चालणं आणि गप्पा सुरू आहेत. पुढे काही घडतं का, की सोडून देऊ?
*— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली*

अरे सोडू नकोस, निदान चौथा एपिसोड बघितल्याशिवाय तरी अजिबात नाही! जपानमध्ये २९ सप्टेंबर २०२३ ला पहिले चारही एपिसोड टीव्हीवर एका रात्रीत, दोन तासांचा स्पेशल म्हणून सलग दाखवले होते आणि माझ्या मते ते तसेच बघायला हवेत. तू तिसऱ्यावर थांबलायस म्हणजे बरोबर दारातून परत फिरतोयस.

चौथ्यात काय होतं ते थोडंसं सांगतो, सस्पेन्स असा काही नाहीये त्यात. हिमेल, हायटर आणि आयझेन या साथीदारांबरोबर फ्रीरेन दहा वर्षं फिरली, त्या काळात एकदा नवीन वर्षाचा सूर्योदय बघायला बाकीचे गेले आणि ही झोपूनच राहिली. हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ ती, तिला एका सूर्योदयाचं काय? आता हिमेल जाऊन बरीच वर्षं झालीत, आणि ती समुद्रकाठच्या एका गावात मुद्दाम पहाटे उठून तोच सूर्योदय बघायला उभी आहे, बाजूला तिची शिष्या फर्न. सूर्य वर येतो आणि फ्रीरेनला वाटतं, ठीक आहे, छान आहे, पण एवढ्या लवकर उठण्यासारखं काही नाही. मग ती बाजूला बघते तर फर्न हसतेय. तेव्हा तिला कळतं की एकटी आले असते तर हे दिसलंच नसतं. बस, एवढंच घडतं, एकही मंत्र नाही की तलवार नाही, आणि मी मात्र तो सीन संपल्यावर पुढचा एपिसोड लावूच शकलो नाही.

आणि पहिल्या एपिसोडमधला हिमेलचा अंत्यविधी आठवतोय ना? लोक कुजबुजतात की ही बघा, हिच्या डोळ्यात पाणीसुद्धा नाही, आणि मग ती म्हणते की माणसं थोडंच जगतात हे माहीत होतं तरी मी याला अजून ओळखून का घेतलं नाही, आणि रडायला लागते. पुढची सगळी गोष्ट त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून तर स्क्रीनवर काळ दाखवताना दर वेळी 'हिमेलच्या मृत्यूनंतर इतकी वर्षं' असं येतं, म्हणजे गोष्टीचं कॅलेंडरच त्याच्या जाण्यापासून सुरू होतं. चालणं आणि गप्पा हीच इथली मेन गोष्ट आहे रे. मारामारी हवीच असेल तर तीही आहे, दहाव्या एपिसोडला तराजूचा जो प्रसंग आहे तो बघ, आणि अठराव्यापासून जादूगारांची परीक्षा सुरू होते तिथे तर मॅडहाउस स्टुडिओच्या अ‍ॅनिमेटर्सनी कमालच केलीये. पण तिथे उडी मारून जाऊ नकोस, आधीचं सगळं बघितल्याशिवाय त्या परीक्षेला काही वजन नाही.

माझी मुलगी नववीत आहे. ती 'अपोथिकरी डायरीज' बघते, मीही तिच्याबरोबर बसले आणि आता मलाच सवय लागलीये. पण गोष्टीतली मुलगी विष काय चाखते, वेश्यावस्तीत काय राहते. तिच्या वयाला हे चालेल का? आणि दोघींनी मिळून पुढे काय बघावं?
*— एक आई, नाशिक*

ताई, तुम्ही बरोबर बसून बघताय हेच सगळ्यात भारी आहे. माओमाओ वेश्यावस्तीत वाढलीये, राजवाड्याच्या जनानखान्यात तिला पळवून नेऊन विकलंय, हे सगळं गोष्टीत उघड आहे, लपवलेलं नाही, पण ते चवीनं दाखवलेलंही नाही. नववीतल्या मुलीबरोबर त्यावर सरळ बोलता येईल असं मला वाटतं. लहान भावंडं असतील तर त्यांना मात्र नको.

मला ही मालिका आवडते ती माओमाओच्या डोक्यामुळे. सुरुवातीचाच प्रसंग घ्या, बादशहाची बाळं मरतायत, सगळे म्हणतात शाप आहे, आणि ही धुणीभांडी करणारी पोरगी लांबून बघते आणि ओळखते की तोंडाला लावायच्या पांढऱ्या पावडरीत विष आहे. लिहायला कागद नाही तर स्वतःच्या घागऱ्याची पट्टी फाडते, त्यावर चार शब्द लिहिते आणि फुलांच्या फांदीला बांधून खिडकीशी ठेवते. नाव नाही, बक्षीस नको. आणि ती पावडर लेखकाच्या डोक्यातून आलेली नाही बरं का, जपानमध्ये शिसं घातलेली पांढरी पावडर खरंच वापरली जायची आणि काबुकीतले नट त्यानं आजारी पडायचे. मुलीला सायन्सच्या पुस्तकातलं शिसं इथे भेटेल! दोन सीझन मिळून ४८ एपिसोड झालेत आणि तिसरा ऑक्टोबर २०२६ मध्ये येतोय, त्यामुळे सावकाश बघा.

पुढचं म्हणाल तर 'डिलिशस इन डंजन' लावा. बहिणीला ड्रॅगननं गिळलंय, तिला सोडवायला भुयारात खाली जायचंय आणि खिशात पैसे नाहीत, म्हणून वाटेतले राक्षसच शिजवून खायचे! २४ एपिसोड आहेत. प्रत्येक पदार्थाचं साहित्य आणि कृती इतकी नीट दाखवलीये की विंचवाचा रस्सा बघून भूक लागते. अर्ध्यानंतर गोष्ट बरीच गडद होते, एवढं लक्षात ठेवा.

वन पीसनं असं का केलं? जानेवारी ते मार्च बंद, आणि एप्रिलपासून वर्षाला जास्तीत जास्त २६ एपिसोड! आम्ही शाळेपासून दर आठवड्याला बघतोय. ही फॅन्सची फसवणूक नाही का?
*— आयटीतला नोकरदार, पुणे*

तुमचं दुःख कळतं, पण मला ही बातमी ऐकून खरंच आनंद झाला. वन पीस ऑक्टोबर १९९९ पासून सुरू आहे, इतकी वर्षं जवळजवळ दर आठवड्याला एपिसोड द्यायचा म्हणजे तो मांगाच्या, म्हणजे मूळ जपानी कॉमिकच्या, अगदी मागे येऊन ठेपतो. मग एका एपिसोडला मांगाचा जेमतेम एक भाग, कधी त्याहून कमी, आणि उरलेली मिनिटं भरायची कशी, तर लफीचा चेहरा, मग झोरोचा चेहरा, मग गर्दीतल्या प्रत्येकाचा आ वासलेला चेहरा, आणि वर मागच्या वेळचं सगळं परत. तुम्हीही स्किप करतच असणार. त्यात दोष त्या चित्रं काढणाऱ्या लोकांचा नव्हता, दर आठवड्याच्या त्या चक्राचा होता.

आणि आता येतंय काय, तर एल्बाफ, महाकाय योद्ध्यांचं गाव! लिटल गार्डन बेटावर तिथल्या दोन महाकाय योद्ध्यांकडे बघून उसॉप म्हणाला होता की एक दिवस मी यांच्या गावाला जाणार. भित्रा, खोटं बोलणारा आपला उसॉप, त्याचं हे एक मोठं स्वप्न, ते आत्ता कुठे जवळ आलंय. ते घाईघाईत ओढूनताणून केलेलं बघायचंय का तुम्हाला? मला नाही. तीन महिने काय, सहा महिने लागले तरी चालतील.

'विच हॅट अटेलिए' या अ‍ॅनिमेचंही तेच. २०२५ ला येणार होतं ते २०२६ वर गेलं आणि लगेच लोक चिडले. पण कामोमे शिराहामाचा मांगा एकदा उघडून तर बघा, कपड्याच्या एकेका चुणीवर, जुन्या पुस्तकाच्या पानावर असते तशी बारीक रेघ आहे तिची, ती हलती करायची म्हणजे चेष्टा नाही. आणि गोष्टच चित्र काढण्याची आहे, तिथली जादू म्हणजे शाईनं काढलेलं वर्तुळ आणि त्यातल्या खुणा, शिंप्याच्या घरातली कोको ते गुपचूप बघून काढायला जाते आणि तिची आई दगड होऊन बसते. जिथे एक रेघ चुकली तर माणूस दगड होतो, ती गोष्ट घाईत काढलेल्या चित्रांत सांगून कसं चालेल?

अ‍ॅनिमे हिंदी, तमिळ, तेलुगूत येतं मग मराठीत का नाही? आमच्या आजीला सबटायटल्स वाचता येत नाहीत.
*— बारावीची विद्यार्थिनी, लातूर*

मराठी डब हवाच, आणि तो मागत राहायला हवं. १२ सप्टेंबरला 'डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल' आपल्याकडे हिंदी, तमिळ, तेलुगूतही लागला, थिएटरं भरली, लोक अकाझा या खलनायकाच्या पूर्वायुष्याच्या गोष्टीला हुंदके देत होते, त्यात मराठी घरातली पोरं किती असतील विचार कर. आजीसाठी मात्र एक नक्की सुचवतो, १९९३ चा जपानी-भारतीय रामायण सिनेमा, युगो साको आणि आपले राम मोहन यांच्या दिग्दर्शनाचा, २०२५ च्या जानेवारीत तो नव्या ४के प्रिंटमध्ये थिएटरात परत आला होता. हिंदीत आहे, गोष्ट आजीला पाठ आहे, आणि कुंभकर्ण उठतो तो भाग बघताना तुम्ही दोघी सारख्याच थक्क व्हाल.

या वर्षात तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडलं? आणि जानेवारीत काय बघणार?
*— बरेच जण*

'ऑर्ब', दुसरं नाव डोक्यात येतच नाही. २५ एपिसोड, मार्चमध्ये संपलं. पंधराव्या शतकातला युरोप, पृथ्वी फिरते असं म्हणणाऱ्यांना जाळतायत, आणि बारा वर्षांचा हुशार राफाल, ज्याचं आयुष्य मस्त सेट आहे, तो केवळ हे गणित जास्त सुंदर आहे म्हणून त्यात पडतो. खऱ्या इतिहासात चर्चनं त्या काळात असा छळ केला नव्हता, ही कल्पितकथा आहे हे धरूनच बघा. पण नोवाक नावाचा तपासनीस विसरणं अशक्य आहे, छळाची हत्यारं हातात आणि बोलणं आपल्या लेकीबद्दल, तेही केन्जिरो त्सुदा या व्हॉइस अ‍ॅक्टरच्या त्या कंटाळलेल्या, खालच्या आवाजात. त्या आवाजासाठी तरी हे जपानीतच बघा, आणि खोलीतले दिवे बंद करून, कारण रात्रीचे सीन फार अंधारे आहेत.

जानेवारीत ८ तारखेला 'जुजुत्सु कायसेन'चा तिसरा सीझन आणि १६ ला फ्रीरेनचा दुसरा. जुजुत्सु मी साठवून ठेवणार आणि पाच-सहा एपिसोड झाले की एकदम बघणार, त्यातल्या कलिंग गेम या जीवघेण्या खेळाचे नियम आठवडाभराच्या गॅपनं डोक्यात राहत नाहीत. फ्रीरेनला दिग्दर्शक बदललाय, केइइचिरो साइतोच्या जागी तोमोया कितागावा आलाय, त्याची थोडी धाकधूक आहे, पण साइतो मदतीला आहे आणि संगीत परत इव्हान कॉलचंच आहे. ते मात्र साठवणार नाही. दर शुक्रवारी एक, जेवण झाल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.