डॉक्टर दोन मिनिटांत गोळ्या लिहून देतात, माझं सांगायचं राहूनच जातं. काय करू?

सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा. आपण ‘थोडं बरं वाटत नाहीये’ असं म्हणतो आणि खरं दुखणं केबिनमधून उठताना आठवतं. घरूनच कागदावर लिहून न्या: कधीपासून, किती वेळा, कोणत्या गोळ्या चालू आहेत. काढे, चूर्णंसुद्धा लिहा, लपवू नका.

आईच्या वेळी मी एवढंच विचारलं, ‘डॉक्टर, ही गोळी नेमकी कशासाठी?’ तेव्हा कळलं की तेच औषध दुसऱ्या नावाने ती आधीपासून घेत होती. विचारलं नसतं तर डोस दुप्पट झाला असता.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर फाइल मागा, संकोच नको. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते.