भारताची अर्थव्यवस्था ब्रिटनपेक्षा मोठी झाली, तरी आपले राहणीमान मागे का?

अर्थव्यवस्थेच्या आकारात भारताने ब्रिटनला मागे टाकले असताना सामान्य भारतीयाचे राहणीमान ब्रिटिश माणसाच्या जवळपासही का नाही, असे आपण विचारले आहे. 2023 साली भारताचे सकल देशांतर्गत उत्पादन साडेतीन लाख कोटी डॉलरच्या आसपास होते आणि ब्रिटनचे त्याहून किंचित कमी. मात्र आपली लोकसंख्या त्यांच्या सुमारे एकवीसपट आहे. एकवीस जणांच्या एकत्र कुटुंबाची कमाई शेजारच्या एकट्या माणसाएवढी असावी, तसा हा प्रकार आहे. दरडोई उत्पन्न आपल्याकडे सुमारे अडीच हजार डॉलर, तर तिकडे पन्नास हजारांच्या घरात आहे.

तरीही सामान्य ब्रिटिश माणूस आपल्यापेक्षा वीसपट सुखात राहतो, असा निष्कर्ष मी काढणार नाही. केशकर्तन, घरभाडे, रिक्षाप्रवास, शिकवणी यांची आयात-निर्यात होत नाही. त्यांचे दर स्थानिक मजुरीवर ठरतात आणि मजुरी कमी असलेल्या देशात ते स्वस्तच राहतात. जागतिक बँकेच्या देखरेखीखाली देशोदेशींच्या किमती गोळा करून जी क्रयशक्ती-समानता काढली जाते, तिच्यानुसार 2017 साली डॉलरचा बाजारभाव सुमारे 65 रुपये असताना अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू व सेवा भारतात जेमतेम 21 रुपयांत मिळत होत्या. या हिशेबाने ब्रिटनशी असलेली दरडोई तफावत वीसपटीवरून साधारण सहापटीवर येते.

याच मोजपट्टीने अर्थव्यवस्थेच्या एकूण आकारात भारत जगात तिसरा ठरतो आणि ती बातमी सामर्थ्याचा पुरावा म्हणून मिरवली जाते, हे मला मुळातच चुकीचे वाटते. खनिज तेल, लढाऊ विमाने, परदेशी विद्यापीठाचे शुल्क यांसाठी बाजारभावानेच डॉलर मोजावे लागतात. तेथे आपला स्वस्त न्हावी कामाला येत नाही. राहणीमानासाठी दरडोई क्रयशक्ती पाहावी, जागतिक बाजारातील वजनासाठी बाजारभावाचा एकूण आकार पाहावा. सोयीचा आकडा उचलून दोन्हींची सरमिसळ करू नये.

शिवाय दरडोई उत्पन्न ही केवळ सरासरी असते. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीत दर हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू केरळात 6, महाराष्ट्रात 16, तर मध्य प्रदेशात 43 होते. ब्रिटनमध्ये हे प्रमाण चारच्या आसपास आहे. म्हणजे या बाबतीत केरळला ब्रिटन जवळचे आणि मध्य प्रदेश फार दूरचा आहे.